बाक सोडताना

गुरुवार. फेब्रुवारी. बाहेर उणे सतरा.
आम्ही अठ्ठावीस जण आज शाळा सोडतोय,
म्हणजे सोडल्यासारखं करतोय:
परीक्षा मार्चमध्ये आहे, ह्याच इमारतीत, ह्याच बाकांवर.
पण फिनलंडातली रीतच अशी,
आधी निरोप घ्यायचा, मग अभ्यासाला लागायचं.
(आमच्यातले काही दुसरं विसरतील.)

भाषण माझ्याकडे आलं, कारण त्या दिवशी मी गैरहजर होते.

शिक्षकहो, तीन वर्षं आम्ही तुमचे बाक झिजवले,
तुम्ही आमचे कान.
हिशेब फिटला असं समजूया.
ग्रानविक सर, तुमच्या तासाला आम्ही झोपलो
ते स्वीडिशमध्येच झोपलो,
स्वप्नातसुद्धा क्रियापदं चालवली,
आणि तीही चुकली.
हिल्का बाई, प्रयोगशाळेतल्या पडद्याला आग
वेतीनं लावली नव्हती, सम्पोनं लावली.
वेतीनं फक्त विझवायला लिंबूसरबत ओतलं.
आज सांगायला हरकत नाही,
सम्पो मधमाशी होऊन आलाय,
ह्या गर्दीत तुम्हाला सापडायचा नाही.

मग ओइवा गणिताच्या रैली बाई झाला.
राखाडी स्वेटर, कोपराला ठिगळ,
गळ्यात दोरीला लटकलेला चष्मा.
फळ्याकडे तोंड करून म्हणाला,
"उत्तर चुकलं तरी चालेल, पण सरळ रेषेत चुका!"
हॉल खदखदला.
शेवटच्या रांगेतून खऱ्या रैली बाई उठल्या.
हॉल असा गप्प झाला की
रेडिएटरमधलं पाणी ऐकू आलं.
"डाव्या हातात," बाई म्हणाल्या.
"खडू मी डाव्या हातात धरते. बावीस वर्षं झाली.
आणि स्वेटर सोमवारी परत हवा. धुऊन."

तेव्हा कुठे आम्हाला कळलं, स्वेटर कुणाचा ते.
ओइवानं खडू डाव्या हातात घेतला
आणि पहिल्यापासून पुन्हा चुकला,
सरळ रेषेत.

धाकट्यांनो, आमची सगळी इस्टेट आता तुमची.
तिसऱ्या मजल्यावरचं कॉफीचं यंत्र:
लाथ डावीकडून मारायची,
उजवीकडून मारली तर सूप येतं.
खिडकीखालचा रेडिएटर, मोजे वाळवायला.
इतिहासाच्या वर्गात जो वास येतो
तो इतिहास आमचा आहे, जपा.

पिह्लाच्या मामाचा ओंडके वाहणारा ट्रक
फाटकाशी धूर सोडत उभा होता.
कापडावर हातभर अक्षरांत लिहिलेलं, आम्ही सुटलो,
त्यात एक स्वर लांबवायचा राहिलेला.
भाषेच्या सिर्क्का बाई लाल रंगाचा डबा घेऊन
बर्फातून शिडीवर चढल्या,
चूक दुरुस्त केली,
खाली उतरून म्हणाल्या, "आता सुटलात."

गाव ते केवढं! दहा मिनिटांत संपलं.
खारट काळ्या गोळ्या मूठमूठ उधळत
पेट्रोल पंपाला वळसा घालून पुन्हा आलो,
तेव्हा हात हलवणारे निम्मे उरले होते.
तिसऱ्या फेरीला एका आजीबाईंनी
गोळ्या आमच्याकडे परत फेकल्या.
नेम चांगला होता त्यांचा.
मधमाशीला लागला.

शुक्रवारी मी गुपचूप शाळेत गेले.
डावा हातमोजा राहिला होता.
शिपाई वेइयोनं खोकं पुढे केलं,
"तुझ्याआधी अकरा जण येऊन गेले," म्हणाला.
जिन्याखालच्या आमच्या बाकावर
पहिल्या वर्षाचा एक मुलगा बसलेला,
गालात गोळी, बहुतेक आमचीच.
मला पाहून उठला, बाजूला झाला.
"बसा ना," म्हणाला.
बसा!

मी नाही बसले. बस होती मला.
बस नव्हती खरं तर.
दाराशी पोचले तोवर वरून,
तिसऱ्या मजल्यावरून,
लाथेचा आवाज आला.
आणि मग एक पोरगं ओरडलं,
"अरे, सूप!"